नंजुंडप्पांची फुंक

लग्नकार्यात शेजारी बसलेल्या बाईला मी फिजिओथेरपिस्ट होते असं कळलं, की ती साडी थोडी वर घेऊन गुडघा दाखवते. मी तो दाबून पाहते, एक-दोन व्यायाम सांगते, तिचं समाधान होतं. पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं माझं खरं काम गुडघ्यांचं नव्हतं. प्रोस्टेट काढून टाकलेल्या पुरुषांना लघवी पुन्हा धरून ठेवायला शिकवणं, हे माझं काम होतं. हे सांगितलं की साडी खाली येते आणि विषय जेवणातल्या पदार्थांकडे वळतो.

म्हणून संपादकांनी अनुभव लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ही फार मोठी सोय आहे.

मी म्हैसूरची. आमचे पूर्वज इथल्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतो, पण आमचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात जाऊन संपतं. पुण्याकडचे पाहुणे नुसते बघत राहतात. रुग्णांशी मी कन्नडातच बोलत असे. इथे ते सगळं मराठीत देते आहे. प्रोस्टेटला मराठीत काय म्हणतात हे मला निवृत्त झाल्यावर एका मासिकात वाचून कळलं, आणि तो शब्द घरात कुणालाच उच्चारता आला नाही. आमच्याकडे माणसं नुसतं ‘खालचं ऑपरेशन’ म्हणत.

अडचण काय असते, ते आधी सांगते. ही ग्रंथी अक्रोडाएवढी. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की पुष्कळ पुरुषांची ती फुगते. धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. बहुतेकांचं नुसतं फुगणंच असतं. काहींच्या ग्रंथीत मात्र कर्करोग निघतो, आणि तो वेळेत सापडला तर आख्खी ग्रंथी काढून टाकता येते. माणूस वाचतो. पण लघवी अडवायला देवाने दोन झडपा दिलेल्या असतात. वरची आपोआप चालते, ती बहुधा ग्रंथीबरोबर जाते. खालची स्नायूंची. तिला जन्मभर फारसं काम नसतं आणि आता अचानक सगळा भार तिच्यावर येतो. ऑपरेशननंतरची रबरी नळी काढली की खोकताना, उठताना, हसताना लघवी गळते. त्या खालच्या स्नायूंना ताकद आणायची आणि ऐनवेळी आवळायची सवय लावायची, एवढंच आमचं शास्त्र. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. काहींना वर्षभर लागतं. थोड्यांचं राहतं, त्यांना पुढचे उपाय करावे लागतात.

शिकवायचं कसं, हा खरा प्रश्न. हे स्नायू दिसत नाहीत, बोट ठेवून दाखवता येत नाहीत. मी विचारायची, “चारचौघांत बसलाय आणि पोटात वारा धरला, तर तो कसा अडवता?” समोरचा गृहस्थ छताच्या पंख्याकडे बघायचा. मग मी म्हणायची, “तोच स्नायू. आवळा, वर ओढा, श्वास मात्र कोंडू नका.” निम्मे लोक कुल्ले आवळायचे, काही जण भुवया.

आमच्या हॉस्पिटलातल्या सर्जननी हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “काढायचं काम माझं. काढल्यावर जे उरतं ते तुम्ही बघा.” बाईकडे असले रुग्ण येतील का, अशी मला शंका होती. येत, पण तऱ्हेतऱ्हेने येत. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन दारातूनच म्हणाले, “मेडम, वॉशर गेलाय, स्पेअर कधी मिळेल?” त्यांना शिकवणं सोपं गेलं. दुसरे एक हेडमास्तर आले. खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं की त्रास त्यांच्या मित्राला आहे, पण मित्र लाजाळू आहे, तेव्हा व्यायाम त्यांना शिकवावेत, ते मित्राला सांगतील. मी मान डोलावली. कित्येक महिने ते मित्राची प्रगती मला सांगत राहिले. मित्र आता रात्रभर कोरडा असतो. मित्र परवा बसने बेंगळूरला जाऊन आला. शेवटच्या दिवशी ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, “माझ्या मित्राचा तुम्हाला नमस्कार.” मीही मित्राला नमस्कार सांगितला.

या लोकांत मला सगळ्यात जवळचे वाटले ते नंजुंडप्पा.

नंजुंडप्पा नागस्वर वाजवायचे. आपल्या सनईच्याच जातीचं वाद्य, पण तिच्याहून खूप लांब आणि आवाजाने दणदणीत. आमच्याकडे त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. अग्रहाराच्या बाजूच्या एका देवळात सकाळ-संध्याकाळच्या पूजेला वाजवण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. शिवाय लग्नसराईत लांबलांबची बोलावणी. साठी उलटलेला, उंच, जाड मानेचा माणूस. रात्री सारखं उठावं लागतं म्हणून तपासायला आले आणि रक्ताच्या तपासणीत शंका आली. पुढे कर्करोग निघाला. ऑपरेशनला ते तयार नव्हते. बायकोने, गौरम्मांनी, हट्ट धरून करवलं.

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन खूश होते. नळी निघाली, नंजुंडप्पा घरी गेले, आणि अंगात जरा बळ आल्यावर एका लग्नात वाजवायला जाऊन बसले.

आमच्या लग्नात मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी पुरोहित बोट वर करतो आणि वाजवणारे सगळं बळ एकवटून वाजवतात. त्याला गट्टीमेळ म्हणतात. कुणाची शिंक, कुणाचं रडणं, काही अशुभ त्या वेळी कानावर पडू नये म्हणून. नंजुंडप्पांनी बोट पाहिलं आणि नागस्वर फुंकलं. फुंकताना पोटाचा सगळा दाब मूत्राशयावर येतो. खाली एकच दुबळा स्नायू. मांडीखालचं पांढरं धोतर भिजत गेलं आणि त्यांना थांबता येईना, कारण गट्टीमेळ मध्ये थांबवायचा नसतो.

शेजारी शिवण्णा बसले होते. ते डोलु वाजवायचे, म्हणजे मोठा ढोल. तिशी-पस्तिशीपासूनची दोघांची जोडी. त्यांनी बाजूला नजर टाकली आणि वाजवता वाजवताच पायाने पाण्याचा चोंबू उलटवला. दोघांचीही धोतरं भिजली, सतरंजी भिजली. यजमान ओरडले. शिवण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

हे मला नंजुंडप्पांनी नंतर पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की त्या दिवसानंतर त्यांनी वाद्य गुंडाळून माळ्यावर टाकलं. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली आहे, असं देवळात सांगितलं. घराबाहेर पडणं बंद केलं, आणि गळू नये म्हणून पाणी पिणं जवळजवळ सोडून दिलं. त्याने गळणं थांबत नाही. लघवी दाट होते, जळजळते, जंतूंना बरं पडतं. तापाने फणफणून ते पुन्हा आमच्या हॉस्पिटलात आले. ताप उतरल्यावर सर्जननी त्यांना माझ्याकडे धाडलं.

पहिल्या दिवशी बोलल्या त्या गौरम्माच. नंजुंडप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“खोकले तरी होतं, अम्मा. उठले तरी होतं. पॅड घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत.”

“मी काय बाळंतीण आहे?” नंजुंडप्पा भिंतीला म्हणाले.

“बाळंतिणीचे आणि तुमचे व्यायाम सारखेच आहेत,” मी म्हटलं. “बायका करतात, बऱ्या होतात. तुम्हालाही जमेल.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. राग होता, पण वळले.

सुरुवात पाण्यापासून केली. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचंच. मग निजून आवळायचं, बसून आवळायचं, उठण्याआधी आवळायचं, खोकण्याआधी आवळायचं. नंजुंडप्पांचं एक बरं होतं, रियाजाची सवय. रोज तेच तेच करायचा कंटाळा त्यांना माहीतच नव्हता. महिना-दोन महिन्यांत उठताना गळणं थांबलं, मग खोकतानाचं. पॅडही घेऊ लागले. त्याच सुमारास रक्ताचा रिपोर्ट आला. ग्रंथी पूर्ण गेली असेल तर त्या तपासणीत जवळजवळ काहीच सापडू नये, आणि काहीच सापडलं नव्हतं. सर्जननी स्वतः येऊन सांगितलं. गौरम्मा पदर डोळ्यांना लावून खुर्चीत बसून राहिल्या.

नंजुंडप्पा म्हणाले, “आयतु.” म्हणजे, बरं. झालं.

माणूस मरणातून सुटला होता आणि त्याच्या तोंडावर त्याची काही खूण नव्हती. मी विचारलं, “आता काय राहिलं?”

“फुंकलं की जातं,” ते म्हणाले. “घरी दार लावून पाहिलं. बाकी सगळं धरतं. फुंकलं की जातं. मग मी कशासाठी वाचलो?”

गौरम्मांनी पदर खाली घेतला आणि उठून बाहेर गेल्या.

मी त्यांच्यामागे गेले. व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी आमच्या घरच्या मराठीत नाही, कन्नडात नाही, कुठल्याच भाषेत मला नीट शब्द मिळत नसत, ती त्यांनी स्वतः काढली.

“ते बाहेर पडवीत निजतात, अम्मा. ऑपरेशन झाल्यापासून. मी बळजबरी केली म्हणून माझ्यावर राग आहे त्यांचा.”

या ऑपरेशनात ग्रंथीच्या अगदी लगत जाणाऱ्या बारीक नसांना धक्का लागतो. पुरुषाला बायकोजवळ पूर्वीसारखं होत नाही. काहींचं सावकाश, वर्ष-दोन वर्षांत थोडंफार परत येतं, काहींचं येत नाही. औषधं असतात. हे ऑपरेशनआधी सांगायला हवं, आणि सांगतातही. पण कर्करोग शब्द ऐकल्यावर पुढचं काही कानात शिरत नाही. मी गौरम्मांना जमेल तसं समजावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “ते मला या वयात कशाला हवं? निजायच्या आधी माझ्या केसांवरून हात फिरवायचे, अम्मा. चाळीस वर्षं. ते का बंद केलं?”

मी आत जाऊन नंजुंडप्पांना तसंच्या तसं सांगितलं. ते आपल्या बोटांकडे बघू लागले.

“पुढचं जमणार नाही,” ते म्हणाले, “मग हात तरी कोणत्या तोंडाने लावू, असं वाटलं.”

“त्यांना वाटतंय तुम्ही रागावलात.”

“तिच्यावर? मी?”

ते एवढे चकित झाले की मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी गौरम्मा आल्या त्या केसांत मोगरा माळून. या विषयावर कितीतरी जोडपी माझ्यासमोर गप्प बसली आणि गप्पच उठून गेली. याची मला अजून खंत आहे. त्या दोघांचं तेवढं मार्गी लागलं.

राहिली फुंक. मी म्हटलं, वाद्य घेऊन या, कसं फुंकता ते मला पाहू दे. वाद्याला हात लावणार नाही म्हणाले. मग म्हटलं, नुसती जिभली आणा. नागस्वराच्या तोंडाला गवताच्या पात्याची जिभली असते, ती काढून वेगळी वाजवता येते. तिचा आवाज बदकासारखा येतो. गौरम्मांना शेजारी बसवून, नंजुंडप्पांच्या पोटावर माझा हात ठेवून मी म्हटलं, वाजवा. पडद्यापलीकडे खांद्याचे व्यायाम करणाऱ्या बायका होत्या. त्या इतक्या हसल्या की एकीचा न उचलणारा हात वर गेला.

हाताला लगेच कळलं. फुंकताना नंजुंडप्पा पोट खाली आणि बाहेर ढकलत होते. सगळा जोर थेट मूत्राशयावर.

“आधी खालून आवळून वर ओढा,” मी म्हटलं. “मग फुंका. आणि पोट बाहेर लोटू नका, कमरेशी आत धरून ठेवा.”

त्यांनी जिभली तोंडातून काढली. “ही फुंक मला माझ्या वडिलांनी दिली. ती तुम्ही बदलणार?”

“फुंक तीच राहू दे. तिच्याआधी एक काम वाढलं, एवढंच.”

ते उठून गेले आणि बरेच दिवस आले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी आले, लांबलचक पिशवीत वाद्य घेऊन. आम्ही गच्चीवर गेलो. खालच्या पट्टीतला एकच स्वर, हलका. आवळा, फुंका, सोडा. मग जरा लांब. मग जरा चढा. कधी जमायचं, कधी स्वर फाटायचा, कधी स्वर छान लागायचा आणि खालचं सुटायचं. सुटलं की ते वाद्य खाली ठेवायचे आणि चामुंडी टेकडीकडे बघत राहायचे. मी थांबायची. पुन्हा उचलायचे. हळूहळू ते वाजवण्याआधी सूर लावून घेतात तसं खालचं आवळून घेऊ लागले, मी सांगायच्या आत. पण गट्टीमेळ वाजवा म्हटलं, की नाही म्हणून मान हलवायचे.

अशात एक दिवस शिवण्णा माझ्या खोलीत आले. नंजुंडप्पा तिथेच होते. शिवण्णा त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, “मेडम, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, बेट्टदपुरच्या स्थळाशी. अण्णा वाजवणार असतील तर लग्नाला वाजंत्री. नाहीतर वाजंत्रीच नको. दुसरा माणूस मी आणणार नाही.”

“तू मला अडकवतोयस,” नंजुंडप्पा म्हणाले.

“हो, अण्णा.”

“आणि झालं तसं पुन्हा?”

“झालं तर झालं. माझ्या घरचं लग्न आहे. मला कोण ओरडणार?”

नंजुंडप्पा उठले. गच्चीवर गेले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा गट्टीमेळ वाजवला. थोडं गेलं. पूर्वीसारखं नाही, थोडंच. मी म्हटलं, पॅड आहे, गडद रंगाचं जाड धोतर नेसा, आणि गट्टीमेळाच्या जरा आधी जाऊन मूत्राशय रिकामं करून या. हे सगळं ते लहान मुलासारखं ऐकून घेत होते. मला मात्र धाकधूक होती. गच्चीवर बिघडलं तर पुन्हा करता येतं. भरल्या मांडवात बिघडलं असतं, तर या माणसाने वाद्य परत काढलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नाला मी गेले. गौरम्मांनी मला शेजारी बसवून घेतलं. मुलीचे वडील असूनही शिवण्णा विधींतून सुटका मिळाली की धावत येऊन डोलुला बसायचे, मग पुरोहित हाक मारायचा, मग पुन्हा पळायचे. मुहूर्ताच्या थोडं आधी नंजुंडप्पा उठून मागे गेले, परत आले, मांडी घालून बसले. पाहुण्यांच्या आशीर्वादासाठी मंगळसूत्र ताटातून फिरून आलं. सगळ्या मांडवाचे डोळे नवरा-नवरीकडे. माझे एकटीचे नागस्वरवाल्याच्या मांडीकडे.

पुरोहिताचं बोट वर गेलं. नंजुंडप्पांचे खांदे आधी किंचित स्थिर झाले, आणि मग तो आवाज आला. गच्चीवर मी ऐकला होता तो याच्या निम्मासुद्धा नव्हता. माझ्या पायाखालची फरशी थरथरली. डोक्यावर अक्षता पडत होत्या, गौरम्मांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. कधी सोडलं ते त्यांनाही कळलं नसेल.

गट्टीमेळ संपला. आता थांबायचं असतं. नंजुंडप्पा थांबले नाहीत. त्यांनी त्याच दमात एक राग उचलला आणि पुढे चालू लागले. शिवण्णांच्या जागी बसलेल्या दुसऱ्या डोलुवाल्याला साथ करणं भाग होतं. पुरोहिताने मंत्रासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. नवरा-नवरी हार घालून उभी, सप्तपदीसाठी वाट बघत. शिवण्णा मुलीच्या मागे उभे राहून मोठ्याने रडत होते आणि लोकांना वाटत होतं, मुलगी सासरी चालली म्हणून.

जेवणाच्या पंगतीत नंजुंडप्पा माझ्यासमोरच्या पानावर येऊन बसले. घामाने चिंब, डोळे लाल. मी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “गेलं का काही?”

ते भात कालवता कालवता थांबले. जरा विचारात पडले.

“बघायचं राहूनच गेलं, अम्मा,” ते म्हणाले.